उद्यमनगरातील एक सकाळ

कोल्हापूर म्हटले की रंकाळा आणि अंबाबाईचे मंदिर आठवते. परंतु शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांच्या गल्ल्याही पाहण्याजोग्या आहेत. गेल्या चैत्रात पुतण्याची जुनी पिकअप तेथे नेली होती. मागील बाजूने ती डावीकडे कललेली दिसे. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढायचा, तर असा कल वळणावर जिवावर बेतू शकतो.

वयोवृद्ध मिस्त्रींनी रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी केली, मागील चाकांतील हवा सारखी केली आणि दोन्हीकडे ॲक्सलपासून चॅसीपर्यंतचे अंतर मोजले. डावीकडे ते चार सेंटिमीटर कमी भरले. पाटे उतरविल्यावर एक पाटा तडकलेला आढळला. शॅकलचे बुशही झिजले होते.

“मिस्त्री, डावीकडेच नवा पाटा घातला तर?” पुतण्याने विचारले.

“उजवे पाटेही तेवढेच थकलेत. मग गाडी उजवीकडे बसेल.”

अखेर दोन्हीकडचे पाटे, बुश आणि यू-बोल्ट बदलले. भार घालून फेरी मारल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले.

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांनी घाटाची वाट धरण्यापूर्वी एवढी मोजणी अवश्य करून घ्यावी.