मुलुंड ते बोरिवली : प्रतीक्षा यादीचा प्रवास

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला रांग नवीन नाही. नळाची रांग, रेशनची रांग, रिक्षाची रांग, तिकिटाची रांग. अलीकडे यात आणखी एका रांगेची भर पडली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, कारण ती संगणकात असते. तिचे नाव प्रतीक्षा यादी. मुलाचा शाळाप्रवेश असो, म्हाडाचे घर असो की गावी जायचे रेल्वेचे तिकीट असो, 'वेटिंग किती?' हा प्रश्न आपल्या घरातल्या आजीलाही पाठ झाला आहे. आता हाच प्रश्न आपली शाळकरी मुले रोबोटच्या, म्हणजे यंत्रमानवाच्या स्पर्धेसाठी विचारू लागली आहेत.

ही स्पर्धा ठाऊक नसलेल्या वाचक बंधू-भगिनींसाठी थोडी माहिती देतो. पाचसहा मुलांचा एक संघ असतो. मोटार, चाके, बॅटरी आणि एक छोटा संगणकी पट्टा जोडून ही मुले एक यंत्र तयार करतात. ते यंत्र चेंडू उचलते, काळ्या रेघेवरून चालते, अडथळा आला की वळते. जागा मर्यादित असतात. ठरलेल्या जागा भरल्या की उरलेले संघ प्रतीक्षा यादीत जातात. कोणी माघार घेतली की त्या यादीतून एकाला बोलावणे येते. ते बोलावणे कोणाला यावे आणि ते न्यायाने येते का, हा प्रश्न मनात घेऊन मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत फेरफटका मारला, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

कारखान्यांचा रस्ता

मुलुंडहून लालबहादूर शास्त्री मार्गाने दक्षिणेकडे निघालो की मुंबईच्या कामगारांचा इतिहास दोन्ही बाजूंना दिसतो. भांडुपची सिएट, विक्रोळीची गोदरेज ही नावे आपल्या कितीतरी घरांच्या चुलीशी जोडलेली आहेत. अनेक कारखान्यांच्या जागी आता उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. पण त्या कारखान्यांनी शिकवलेले हात अजून वस्तीत आहेत. कोणाचे वडील फिटर होते, कोणाचे काका वायरमन, कोणाचा मामा मुलुंडच्या आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडलेला. मोटार का तापते, वायर कुठे तुटली, नट किती आवळावा, हे ज्ञान आपल्या घरांत आहे. यंत्रमानव म्हणजे तरी दुसरे काय? फिटरचे, वायरमनचे आणि संगणकाचे काम एका जागी आणणे. तेव्हा ही स्पर्धा आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

अडचण बुद्धीची नाही, जागेची आहे. केंद्र सरकारच्या नीती आयोगाने २०१६ साली अटल टिंकरिंग लॅब ही योजना सुरू केली. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना शाळेतच यंत्रे, सुटे भाग आणि प्रयोगाची जागा मिळावी, हा तिचा उद्देश. शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद तिच्यात होती. योजना चांगली आहे आणि देशभरातील दहा हजार शाळांपर्यंत ती गेली. पण तिच्यात सर्वसाधारण भागातील शाळांसाठी १,५०० चौरस फूट जागेची अट होती. झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे घर मिळते. म्हणजे आपल्यासारख्या पाच कुटुंबांच्या घरांएवढी जागा ज्या शाळेकडे मोकळी असेल, तिनेच अर्ज करावा! वस्तीतल्या एका मजल्यावर दोन पाळ्यांत भरणारी शाळा ही जागा आणणार कुठून? अर्जांची छाननी अगदी काटेकोर झाली, तरी अशी शाळा त्या छाननीपर्यंत पोहोचतच नाही.

पवईचे फाटक

कांजूरमार्ग स्थानकावर उतरून पश्चिमेला बस किंवा रिक्षा धरली की थोड्या वेळात पवईला आयआयटीचे फाटक लागते. ही संस्था १९५८ सालची. येथील विद्यार्थी १९९८ सालापासून 'टेकफेस्ट' हा विज्ञान-तंत्रज्ञानाचा महोत्सव भरवतात. साधारणपणे डिसेंबरात तो असतो आणि त्यात यंत्रमानवांच्या स्पर्धा होतात. भांडुप, विक्रोळी, साकीनाका या आपल्या वस्त्या त्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. तरीही त्या फाटकासमोरून रोज बसने जाणारी आणि आत एकदाही न गेलेली माणसे आपल्यात हजारोंनी आहेत. मुलांना घेऊन एकदा तरी हा महोत्सव पाहावा. आधी पाहुण्यांची नोंदणी कशी करायची ते विचारून घ्यावे, म्हणजे फाटकावरून परत फिरावे लागत नाही.

मुंबईच्या मुलांनी या क्षेत्रात नाव कमावलेले आहे. २०१७ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे 'फर्स्ट ग्लोबल' ही शालेय मुलांची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा झाली. दीडशेहून अधिक देशांचे संघ आले होते. भारताच्या वतीने गेलेला मुंबईच्या मुलांचा संघ तेथून पदक घेऊन परतला. या स्पर्धेचे दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. प्रत्येक देशाचा एकच संघ, आणि प्रत्येक संघाला सुट्या भागांची एकसारखी पेटी. श्रीमंत देशाला जास्त मोटारी आणि गरीब देशाला कमी, असा प्रकार नाही.

त्याच वर्षी अफगाणिस्तानच्या मुलींच्या संघाची निवड झालेली असूनही त्यांना अमेरिकेने दोनदा व्हिसा नाकारला. जगभर ओरड झाल्यावर ऐनवेळी त्यांना प्रवेश मिळाला आणि त्या स्पर्धेत उतरल्या. यादीत नाव येणे आणि मैदानात पाऊल ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलींनी जगाला दाखवून दिले.

घाटकोपरची अभ्यासिका

हीच गोष्ट घाटकोपरला आम्ही जवळून पाहिली. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या पाच मुलांनी, तीन मुली व दोन मुलगे, एका आंतरशालेय स्पर्धेसाठी यंत्र तयार केले होते. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून घासाघीस करून मोटारी आणल्या. सांगाडा एका भावाने जुन्या पत्र्यातून कापून दिला. संघ प्रतीक्षा यादीत दुसरा होता. स्पर्धेच्या चार दिवस आधी संध्याकाळी सात वाजता मोबाईलवर निरोप आला की, जागा रिकामी झाली आहे, उद्या दुपारी बारापर्यंत शुल्क भरावे. तो मोबाईल एका मुलीच्या वडिलांचा. ते वॉचमन, रात्रपाळीला गेलेले. निरोप सकाळी आठला वाचला गेला. घरोघरी फिरून दोन वाजेपर्यंत पैसे जमले. तोवर जागा तिसऱ्या क्रमांकाला गेली होती.

संयोजकांनी नियम मोडला नाही. क्रमही मोडला नाही. वशिला लागला, असे म्हणायलाही जागा नाही. पण त्या मुलीने विचारले, "काका, आमचा नंबर तर लागला होता. मग आम्ही नापास कशात झालो?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गुणपत्रिकेत नव्हते. सतरा तासांची मुदत सर्वांना सारखी होती. पण ज्या घरात बँकेत पैसे आणि हातात मोबाईल आहे, त्याला सतरा मिनिटेही पुरतात. ज्या घरात पगार सात तारखेला होतो, त्याला सतरा तास पुरत नाहीत.

मेट्रोतले गणित

घाटकोपरहून अंधेरीकडे आता मेट्रोने जाता येते. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला हा मार्ग ११.४ किलोमीटरचा, १२ स्थानकांचा. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका. ज्या रस्त्यावर पूर्वी बसमध्ये तास जायचा, ते अंतर आता काही मिनिटांत संपते. खाली असल्फ्याची टेकडीवरची घरे दिसतात. मरोळच्या बाजूला सीप्झ आहे. १९७३ साली निर्यातीसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहतीत आपल्या कितीतरी भगिनींनी इलेक्ट्रॉनिक्सचे बारीक जोडकाम केले आहे.

या प्रवासात मुलांना एक गणित घालावे. अमेरिकेत 'फर्स्ट' नावाची संस्था १९८९ साली डीन केमन यांनी स्थापन केली. १९९२ साली तिची पहिली स्पर्धा २८ संघांची, एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. पुढे संघ हजारोंनी वाढले आणि अंतिम स्पर्धेला जागा अपुरी पडू लागली. तेव्हा जिंकून आलेल्या संघांना जागा देऊन झाल्यावर उरलेल्या जागा प्रतीक्षा यादीतून सोडत काढून भरण्याची पद्धत तेथे बरीच वर्षे होती. ती सोडत साधी नव्हती. जो संघ जितकी वर्षे अंतिम स्पर्धेला गेलेला नाही, तितक्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या.

समजा चार संघ आहेत. एक संघ एक वर्ष थांबलेला, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा चार वर्षे. एकूण चिठ्ठ्या दहा. चौथ्या संघाची चिठ्ठी निघण्याची शक्यता दहात चार, पहिल्याची दहात एक. नशीब आहेच, पण ज्याने जास्त वाट पाहिली त्याच्या बाजूने ते थोडे झुकवलेले आहे. वाट पाहण्यालाही वजन असते, हे येथे नियमाने मान्य केले गेले.

यावर आक्षेपही आहे. एका गुणाने हुकलेला संघ घरी बसतो आणि चिठ्ठीच्या जोरावर दुसरा पुढे जातो, हा कोणता न्याय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. गुणांना मान मिळालाच पाहिजे. पण गुण मिळवण्याची संधी कोणाला किती, हेही विचारावे लागते. ज्याच्याकडे पैसा आहे तो संघ हंगामात दोनतीन ठिकाणी खेळतो, एका ठिकाणी चुकला तर दुसऱ्या ठिकाणी सुधारतो. आपला संघ एकदाच खेळतो, तोही उसनवारी करून. मला वाटते, मुख्य यादी गुणांवर असावी आणि प्रतीक्षा यादीत थांबलेल्याच्या वर्षांना वजन असावे. मात्र या चिठ्ठ्यांनीही सगळा प्रश्न सुटत नाही. ज्याने नावच नोंदवले नाही त्याची एकही चिठ्ठी नाही. आणि चिठ्ठी निघाल्यावर शुल्क व प्रवासखर्च उभा राहिला नाही, तर ती चिठ्ठी कागदच राहते.

आपल्या पालकांना हा अनुभव शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशातही येतो. तेथे सोडत ऑनलाइन, निवड यादी वेगळी, प्रतीक्षा यादी वेगळी. नाव निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत कागदपत्रे तपासून घेतली नाहीत तर जागा पुढे सरकते. २०२४ च्या फेब्रुवारीत तर राज्य सरकारने नियमच बदलला आणि सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या प्रवेशातून सूट दिली. पालक व संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली व जुलैमध्ये तो रद्द केला. नियम वाचणारे कोणीतरी होते, म्हणून हजारो मुलांची संधी वाचली.

बोरिवलीला उतरताना

वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकात मेट्रो बदलून गुंदवलीहून दहिसरकडची गाडी घेतली की राष्ट्रीय उद्यान स्थानकापर्यंत जाता येते. येथे बोरिवली. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला दाट वस्ती. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आलेली कुटुंबे उद्यानाच्या दाराशी दिसतात. अशा निवांत दिवशी पालकांनी मुलांशी या विषयावर बोलावे. स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वी संयोजकांना पुढील पाच गोष्टी लेखी विचाराव्यात.

१. एकूण जागा किती, आणि प्रतीक्षा यादी गुणांवर, सोडतीने की आधी येईल त्याला, या तत्त्वावर?

२. ही यादी क्रमांकासह सर्वांना पाहता येईल का? सोडत असल्यास ती सर्वांसमोर निघेल का?

३. बोलावणे आल्यावर शुल्क भरायला किती दिवस मिळतील? निदान तीन दिवस मिळावेत.

४. शुल्कात सवलत किंवा हप्ते आहेत का?

५. निरोप एकाच मोबाईलवर न देता शाळेलाही देणार का?

हे विचारण्यात लाज वाटू देऊ नये. ज्याने स्पर्धा प्रामाणिकपणे भरवली आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट उत्तर तयार नसेल तर ते तयार करावे लागते आणि त्याचा फायदा पुढच्या वर्षीच्या अनोळखी मुलांनाही होतो.

आपल्या बाजूनेही एक काम करता येईल. प्रत्येक अभ्यासिकेने, महिला मंडळाने किंवा चाळ कमिटीने मुलांच्या स्पर्धांसाठी एक छोटा राखीव निधी ठेवावा. दर घरामागे महिना दहा रुपये. शंभर घरांची वस्ती असेल तर वर्षाला बारा हजार होतात. सोबत दोन जबाबदार माणसांचे मोबाईल क्रमांक अर्जावर द्यावेत, त्यांपैकी एक दिवसपाळीचा व एक रात्रपाळीचा. घाटकोपरच्या त्या पाच मुलांनी आपले यंत्र मोडीत काढलेले नाही. त्यांनी त्याला नवी चाके बसवली आहेत. पुढच्या वेळी निरोप येईल, तेव्हा तो वाचायला कोणीतरी जागे असले पाहिजे.