नरडाण्याच्या फलाटावर

सुरत-भुसावळ मार्गावरील नरडाणा स्टेशन. गाडीस उशीर, समोर कपाशीचीं काळीं रानें, आणि शेजारीं बारावी झालेली नात. तिला गुन्हेशास्त्र शिकावयाचें आहे, तेंहि इंग्लंडांत. गुण थोडे उणे पडल्यानें आधीं एक पायाभूत वर्ष, मग पदवीचीं तीन. घरांत खर्चावरून कुरबुर चालली आहे. ‘चोरांचें शास्त्र’ म्हणून थट्टाहि झाली. मींहि सुचविलें, “पदवी येथेंच घे, पुढें मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेंत हा विषय आहेच.”

ती म्हणाली, “आजोबा, याच रुळांवर पुढें धरणगांव ना?”

होय. जेम्स औट्रमनें 1825 सालीं उभारलेल्या भिल्ल पलटणीचें ठाणें तेथेंच होतें. कंपनी सरकार ज्यांना लुटारू म्हणे, त्यांच्याच हातीं बंदोबस्त आला! पुढें 1871 च्या कायद्यानें मात्र कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा रद्द व्हावयास 1952 उजाडलें.

“माणूस गुन्ह्याकडे कशानें वळतो, हें तेव्हां कोणी विचारलें का?”

चाळीस वर्षांच्या वकिलींत हा प्रश्न मलाहि सुचला नव्हता.

गाडी आली. डब्यांत बसल्यावर मीं तिच्याकडून खर्चाचा कागद मागून घेतला.