बंदरावरचे चार तास

आमच्या यावलाहून समुद्र पाहावयाचा म्हणजे तापी ओलांडून भुसावळ गांठावें आणि तेथून आगगाडीनें सुमारें साडेचारशें किलोमीटर दूर मुंबईस जावें. उत्तरेस सातपुडा आणि सभोंवतीं केळींचे मळे असलेल्या या गांवाचा समुद्राशीं संबंध एवढाच कीं, तापीचें पाणी सुरतेपलीकडे त्यास जाऊन मिळतें. अशा गांवचा, आमच्या हाताखालीं बी. ए. झालेला एक शेतकऱ्याचा मुलगा आज सहा वर्षें सफरीच्या बोटींवर भोजनगृहांत वाढप्याचें काम करीत आहे. निरनिराळ्या बंदरांवरून त्याचे आम्हांस फोटो व लांबलचक संदेश येतात, आणि रजेवर आला म्हणजे आमच्या ओसरीवर बसून उरलेलें तो तोंडानें सांगतो.

गांवांत त्याच्याविषयीं दोन मतें आहेत. एक पक्ष म्हणतो, पोरगा फुकटांत जग पाहतो. दुसरा म्हणतो, परक्यांच्या उष्ट्या बशा उचलावयास समुद्रापार जाण्याची काय गरज होती? आम्हांस दोन्ही मतें वरवरचीं वाटतात. आणि त्यांतील पहिलें तर त्या मुलाच्या दिनक्रमाची ओळख नसल्यामुळेंच टिकून राहिलें आहे.

बोट बंदरास लागली म्हणजे सुट्टी मिळाली असें नव्हे. प्रवासी उतरण्यापूर्वीं त्यांची न्याहारी व्हावयाची असते. ते परतण्यापूर्वीं रात्रीच्या जेवणाची मांडामांड. ज्या दिवशीं जुने प्रवासी जाऊन नवे यावयाचे असतात, तो दिवस तर खोल्या झाडणाऱ्यांस व सामान वाहणाऱ्यांस श्वास घेऊं देत नाहीं. शिवाय आग लागल्यास अगर बोट सोडण्याची वेळ आल्यास काय करावें याची कवायत बहुधा बंदरांतच होते, आणि बोटीच्या सुरक्षिततेसाठीं नोकरवर्गापैकीं कांहीं जणांना पाळीपाळीनें बोटीवरच थांबावें लागतें. इतकें करून उरतात ते तीन-चार तास. रोमचें म्हणून जें बंदर सांगतात, तें चिविताव्हेक्किया प्रत्यक्ष रोमपासून सुमारें सत्तर किलोमीटर दूर. तेव्हां दहा वेळां रोमच्या बंदरास लागूनहि रोम न पाहणें सहज शक्य आहे.

या चार तासांमागें कायदाहि आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २००६ सालीं केलेला सागरी श्रमविषयक करार २०१३ मध्यें अंमलांत आला व भारतानें त्यास २०१५ मध्यें मान्यता दिली. विश्रांतीच्या हिशेबानें पाहतां चोवीस तासांत निदान १० आणि सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांति मिळाली पाहिजे, असें त्यांत आहे; आणि कामाची गरज सांभाळून, प्रकृतीच्या व मनाच्या स्वास्थ्यासाठीं किनाऱ्यावर जाण्याची मुभा द्यावी, असेंहि आहे. मनुष्याला नुसत्या झोपेचीच नव्हे, तर पायांखालीं जमिनीचीहि गरज असते, हें या कोरड्या कलमांनीं मान्य केलें आहे.

कोंकणांतील खलाशी आणि गोव्यांतील वाढपी यांनीं हें जीवन आम्हां खानदेशच्या लोकांपूर्वीं पुष्कळ आधीं ओळखलें. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर गोमंतकीय वाढप्यांची परंपरा जुनी. बोट मिळेपर्यंत त्यांना मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास, आपआपल्या गांवाच्या नांवानें चालणाऱ्या ‘कुडां’त आसरा मिळे. आमच्या या मुलाला कूड नाहीं. तो डोंबिवलीस मावशीकडे उतरतो.

एकदां नेपल्सच्या मुक्कामांत त्यानें पाँपेई गांठलें. चारांपैकीं जवळजवळ दोन तास जाण्यायेण्यांतच गेले. व्हेसुव्हियसच्या राखेखालीं इ. स. ७९ मध्यें गाडलें गेलेलें हें शहर आम्हीं तरुणपणीं लिटनच्या १८३४ मधील कादंबरींत पाहिलें. तिचा नायक श्रीमंत. साहजिकच त्याच्या मेजवान्या आमच्या लक्षांत राहिल्या. हा मुलगा मात्र मोठमोठे वाडे सोडून रस्त्यावरच्या खाणावळींपाशीं थांबला. दगडी कट्टे, त्यांत बसविलेले मातीचे रांजण, पलीकडे भट्टीवाल्याचीं जातीं. त्या कट्ट्याचा फोटो पाठवून त्यानें खालीं लिहिलें होतें, “सर, इथें वाढणारा माणूस रात्रीं झोपत कुठें असेल?” तीस वर्षें इंग्रजी शिकवितांना त्या शहरासंबंधीं असा प्रश्न आम्हांस कोणीहि विचारला नव्हता.

त्याच्या वडिलांना हें कौतुक पुरेसें वाटत नाहीं. गेल्या दिवाळींत ते आम्हांस म्हणाले, “सर, पोरगं दर हप्त्याला नवं गाव बघतं, अन् सख्ख्या बहिणीचं लगीन त्यानं फोनवर बघितलं. ह्याला बघणं म्हणायचं का?” या प्रश्नास आमच्यापाशीं पुस्तकी उत्तर नव्हतें. शिवाय २०२० चा फेब्रुवारी त्यांच्या मनांतून गेलेला नाहीं. योकोहामाच्या बंदरांत ‘डायमंड प्रिन्सेस’ बोट साथीमुळें अडकून पडली, तेव्हां तिच्यावर ३,७११ माणसें होतीं आणि नोकरवर्गांत १३२ भारतीय होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. त्यांचीं जेवणाचीं ताटें दारोदार पोंचविणारे हात नोकरवर्गाचेच होते. जपानचा किनारा समोर दिसत होता, पण पाऊल टाकतां येत नव्हतें.

मुलगा तेथेंच बसला होता. तो हळूच म्हणाला, “बापू, बाकीचा सगळा दिवस लोक मागतील तें मी देतो. त्या चार तासांत माझ्यापाशीं कुणी कांहीं मागत नाहीं.” बापू यावर बोलले नाहींत, परंतु उठून जातांना त्यांनीं पोराच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाहीं.

आम्हांस वाटतें, पाहणें म्हणजे काय याचें उत्तर त्या एका वाक्यांत आहे. पैसे मोजून फिरणारा प्रवासी पुष्कळदां इतरांनीं नेमून दिलेलें पाहतो. ज्याला चारच तास स्वतःचे मिळतात, तो त्या तासांत स्वतःचा प्रश्न घेऊन उतरतो, आणि प्रश्नावांचून पाहिलेलें स्थळ फोटोपलीकडे फारसें उरत नाहीं. बहिणीचें लग्न चुकलें त्याची भरपाई पाँपेईनें होत नाहीं, हें खरेंच. तो हिशेब बापूंच्या बाजूनें कायमचा उघडा राहील.

परंतु यंदाच्या रजेंत त्यानें आणखी एक गोष्ट केली. बापूंना घेऊन तो गांवच्या किल्ल्यावर गेला, आणि परत येऊन आम्हांस विचारूं लागला कीं, निंबाळकरांच्या काळीं यावलचा जाडाभरडा कागद आणि नीळ प्रसिद्ध होती म्हणतात. तर तो कागद करणारे लोक राहत कोठें असत? किल्ल्यास निंबाळकरांचें नांव आहे. कागद करणाऱ्यांच्या घरांचा शोध आतां ते बापलेक दोघे मिळून गांवांतील म्हाताऱ्यांपाशीं करीत फिरत आहेत.