मरियेची पादुका

फुलांच्या नावांतून एखाद्या काळाची श्रद्धा डोकावत असते. युरोपच्या चुनखडीच्या रानांत उगवणाऱ्या एका पिवळ्या ऑर्किडच्या पाकळीला सपातेसारखा फुगीर आकार असतो. तिथल्या जुन्या वनस्पतिज्ञांनी त्या फुलाला 'मरियेची पादुका' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे 1753 साली लिनियसने 'सिप्रिपेडियम' या नावाने ती पादुका ग्रीकांच्या प्रेमदेवतेच्या पायी घातली. लोकांच्या ओठांवर मात्र मरियामाताच राहिली. जर्मन भाषेत हे फूल आजही 'फ्राउएनशू' आहे.

या फुलाची एक भगिनी उत्तर अमेरिकेत आढळते. वसई सोडून कॅनडातील ओंटारिओ प्रांतात स्थायिक झालेल्या आम्हां उभयतांना तिचा लोभ जडला. वसईच्या मातीत मोगऱ्याची फांदी खोचावी आणि पावसाळ्यात तिला पालवी फुटावी. इथे मात्र संयमाची कसोटी होती.

या ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते. मातीतील विशिष्ट बुरशीने पोसले तरच ते रुजते, आणि पहिले फूल यायला अनेक वर्षे लोटतात. म्हणूनच रानातली झाडे उपटून नेण्याच्या हव्यासाने मोठी हानी झाली. इंग्लंडमध्ये तर युरोपीय जात नामशेष झाली असे मानले जात होते. 1930 साली यॉर्कशायरमध्ये तिचे एकच झाड सापडले. त्याची जागा गुप्त ठेवून अनेक वर्षे त्यावर पहारा ठेवावा लागला. पुढे क्यू येथील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बियांपासून रोपे वाढवली.

आमच्या एका परिचिताने आपल्या रानातला फुललेला गड्डा खणून देण्याची तयारी दाखवली होती. आम्ही नम्रपणे नकार दिला आणि बियांपासून वाढवलेली तीन रोपे विकत घेतली. शरद ऋतूत अर्धवट सावलीची, पाणी न साचणारी जागा निवडली, मातीत चुनखडीची खडी मिसळली, मुळे आडवी पसरली, कोंब जेमतेम मातीआड ठेवला आणि वर मेपलच्या पानांचे पांघरूण घातले. हिवाळ्यातली कडक थंडी या झाडाला बाधत नाही. उलट ती विश्रांती त्याला हवीच असते.

एक रोप पहिल्याच वसंतात उगवले नाही. उरलेल्या दोघांनी तीन वर्षे नुसती पाने दाखवली. चौथ्या वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, एका दांड्यावर सोनेरी पादुका उघडली. त्यावेळी आई वसईहून आमच्याकडे आली होती. मे म्हणजे मरियामातेचा महिना. आमच्या घरी वेलीवरच्या पहिल्या फुलाचा मान तिच्या वेदीचा असे. आता आई हे फूल मागेल, या विचाराने आम्ही मनातून धास्तावलो; परंतु तिला 'नाही' म्हणण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते.

आई काठी टेकत बागेत आली. बराच वेळ पाहून म्हणाली, "हे मरियामातेचंच ना? मग तिचंच तोडून तिला काय द्यायचं?"

त्या संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना आम्ही बागेत खुर्च्या मांडून केली. फूल सुमारे दोन आठवडे टिकले. त्या वर्षी आई वसईला परतली, आणि तिला पुन्हा येणे झाले नाही.

आता त्या जागी सहा दांडे उभे राहतात. दर शरदात आम्ही त्यांवर पाने पसरतो. अर्पण करणे म्हणजे तोडून देणेच नव्हे. जिथे आहे तिथे जपणे हेही अर्पणच, ही आईची शिकवण त्या पानांखाली दरवर्षी नव्याने रुजते.