हरणाऱ्याचं नाव

वादविवादाच्या जोड्या बसवताना मी मुलांना भाषण पाठ करू देत नाही. आधी समोरच्याचा मुद्दा त्यालाही पटेल असा मांडून दाखव, मग खोड. मुलं वैतागतात. त्यांना शेर, टाळ्या आणि पल्लेदार शेवट हवा असतो. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी लावलेली सवय, सहजी सुटत नाही.

आमच्या संभाजीनगरात या शिस्तीचं मूळ नागसेनवनात सापडतं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली इथे कॉलेज काढलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे कॉलेजला नाव मिळालं मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर; तो भल्याभल्या विद्वानांना वादात निरुत्तर करायचा. भिक्खू नागसेनांपुढे हरला, आणि हरलो हे त्याने मान्य केलं. जिंकणाऱ्याचं नाव आवाराला, हरणाऱ्याचं कॉलेजला! मला या निवडीचं अजून नवल वाटतं.

'मिलिंदपञ्ह'मधला रथाचा प्रसंग मी दरवर्षी मुलांकडून करून घेतो. नागसेन हे नुसतं नाव, आत कुणी सापडत नाही, असं भिक्खू म्हणतात. राजा उलटतपासणी घेतो : मग केस म्हणजे नागसेन? नखं? दात? भिक्खू चिडत नाहीत. आपण कशातून आलात, एवढंच विचारतात. रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाक? जू? राजा नाही नाही म्हणत जातो आणि स्वतःच्याच प्रश्नांच्या साखळीत अडकतो. खंडन असं हवं. नवं शस्त्र आणायचंच नाही.

त्याच ग्रंथात नागसेन अट घालतात : पंडितांसारखं बोलणार असाल तरच बोलू, राजासारखं नाही. पंडित एकमेकांना खोडतात, पण रागावत नाहीत. राजा विरोध करणाऱ्याला दंड करतो. 27 जुलै 1978 रोजी इथल्याच मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला, आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. राजा कुणीच नव्हता, वाद मात्र राजांचा झाला. नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं.

परवा सरावात एका मुलीने विचारलं, "सर, त्याचा मुद्दा खरंच बरोबर असला तर?"

"मान्य कर आणि पुढच्या मुद्द्यावर जा."

"परीक्षक गुण कापतील ना!"

कापतीलही. मी स्वतः परीक्षक असतो तेव्हा कापत नाही.