तेरच्या मातीतला टायबेरियस

सणसर सोडलं तेव्हा उसाच्या बैलगाड्या भवानीनगरच्या कारखान्याकडे चालल्या होत्या. तुकोबांची पालखी आमच्या गावी मुक्काम करते आणि बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. आम्हीही तोच रस्ता धरला. जायचं होतं मात्र तेरला. सोबत गुरुजी होते. नाण्यांचा नाद मला त्यांनीच लावला.

गाडीत त्यांनी डबी उघडली. आत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं तांब्याचं नाणं होतं, परवाना असलेल्या विक्रेत्याकडून घेतलेलं. करंगळीच्या नखाहून जरा मोठं. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसरीकडे दोन भालाईत शिपाई आणि मधे निशाण.

"देखणं आहे, पण मुकं आहे," गुरुजी म्हणाले. "कुठल्या मातीतून निघालं, कुणालाच ठाऊक नाही."

याच कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे साधारण साडेचार ग्रॅमचं सोन्याचं नाणं सुरू केलं आणि बायझंटाइन सम्राटांनी ते शतकानुशतकं चालवलं. दक्षिण भारतात सापडलेल्या अशा बऱ्याच नाण्यांना सम्राटाच्या डोक्यावर शेजारीशेजारी दोन भोकं आहेत. दोऱ्यात ओवलं तरी चेहरा सरळ राहावा म्हणून ती पाडलेली. आपल्या पुतळ्यांच्या माळेचं मूळही असंच परदेशी, व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटात. परक्या राजाचं नाणं दागिना म्हणून घालायची हौस आपल्याकडे फार जुनी आहे.

भीमा ओलांडली, टेंभुर्णी गेलं. बोलणं रोमन लेखक प्लिनीवर आलं. भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी त्याची तक्रार. मग एवढा पैसा आमच्या भागात का दिसत नाही, हे मी विचारलंच. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला एकोणिसाव्या शतकात रोमन सोन्याची नाणी सापडल्याची नोंद आहे; पण आंध्र-तमिळनाडूत जशी घबाडं निघाली, तशी महाराष्ट्रात नाहीत. अभ्यासक सांगतात की सातवाहनांचं स्वतःचं चलन पक्कं होतं, त्यामुळे परकी नाणी मुशीत जात असावीत. मला हे पटतं. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. दुसऱ्याचं नाणं तसंच चालू द्यायची या सातवाहन राजांची वृत्तीच नव्हती.

कुर्डुवाडी, बार्शी, येडशी करत तेर गाठलं. आधी गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, समाधीचं दर्शन घेतलं, मग त्रिविक्रमाचं जुनं विटांचं देऊळ पाहिलं. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रंथातलं तगर ते हेच, असं अभ्यासक फ्लीटने 1901 मध्ये दाखवून दिलं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई.

तेरची ओळख म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आणि तिथली हस्तिदंती बाहुली. पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं नातं जोडतात. मला मात्र ओढ होती ती तेरच्या भाजक्या मातीच्या चकत्यांची. रोमन नाण्यावरून साचा करून त्या घडवलेल्या. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्यांच्या अशा नकला दख्खनमध्ये निघाल्या आहेत. सम्राटाचं डोकं, कडेने ठिपक्यांची माळ आणि वर दोरा ओवायला जागा. सोनं परवडत नव्हतं त्यांनी माती घातली गळ्यात. गोरोबाकाकांच्या किती शतकं आधी इथल्या कुणा कारागिराने रोमच्या सम्राटाचा चेहरा ओल्या मातीत उमटवला! बाजारात या चकतीला काय मोल येणार? पण ती तेरच्या जमिनीतून आली आहे एवढ्यानेच ती बोलते.

तेरणेच्या काठी एका शेतकऱ्याशी गाठ पडली. नांगरताना खापरं वर येतात, म्हणाले.

"उद्या नाणं निघालं तर?" गुरुजींनी विचारलं.

"सोनाराकडं, दुसरं काय?"

गुरुजींनी बांधावर बसून त्यांना 1878 चा निखात निधीचा कायदा समजावला. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

"म्हणजे आधी तलाठ्याला गाठायचं?"

"आधी जागेवर खूण करा," गुरुजी म्हणाले. "नाणं घासू नका, चिंचेनं तर मुळीच नको. किती खोल होतं, जवळ कसली खापरं होती ते लिहून ठेवा. मग तलाठी."

शेतकरी उठले आणि खापरं निघतात तो कोपरा दाखवायला आमच्या पुढे चालू लागले.