मांघरच्या मधपेट्या

सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वराच्या कुशीत मांघर हे छोटे गाव आहे. २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून ते जाहीर झाले. मधुत्याग पाळणाऱ्या घराने तेथे कशासाठी जावे, असे आजींनी विचारलेच. मध खाण्यासाठी नव्हे, माशी पाहण्यासाठी!

पाठशाळेत मुलांनी मधमाशीचे नाव चतुरिंद्रिय जीवांत पाठ केलेले असते. स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी. मधपाळाने पेटीतून सातेरी माश्यांची चौकट अलगद उचलली, तेव्हा त्या चार शब्दांत प्राण आले. एक माशी पोट हलवीत आठाच्या आकड्यासारखी फिरत होती. फुलोरा कोणत्या दिशेला व किती दूर, हे ती नाचून सांगते. ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ च्या नोबेलचे मानकरी ठरले. पेटीतल्या अंधारात इतर माश्या हा नाच स्पर्शाने जाणतात, हे ऐकून मुले थक्क झाली.

पूर्वी पोळे अंडी-अळ्यांसकट पिळले जाई. आता यंत्रात चौकट फिरवून मध निघतो, पोळे अभंग राहते. हा फरक लहान नाही. तरी तो साठा माश्यांनी स्वतःच्या टंचाईसाठी केलेला; पावसाळ्यात त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, हे मधपाळांनीच सांगितले. पुढे केलेली वाटी आम्ही हात जोडून परत केली. ते हसले आणि म्हणाले, “कारवी फुलली की पुन्हा या.” कारवी कित्येक वर्षांतून एकदाच फुलते, धाकटी तेव्हा केवढी असेल, याचा हिशेब परतीच्या वाटेवर चालला होता.